विहिरीतलं सिमेंट गॅसला अडवतं तरी कसं?

ऑगस्ट २०२५ मध्ये नॉर्वेचा नॉर्दर्न लाइट्स प्रकल्प सुरू झाला. ब्रेविक इथल्या सिमेंट कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायचा, जहाजाने न्यायचा आणि समुद्रतळाच्या साधारण २,६०० मीटर खाली खडकात सोडायचा. आत घातलेला गॅस परत वर का येणार नाही? वर खडकाचं जाड झाकण आहे म्हणून. पण विहीर खोदून त्या झाकणाला भोक आपणच पाडलेलं असतं. ते भोक बुजवतं कोण, तर पुन्हा सिमेंटच!

तेल-गॅसच्या विहिरींत हेच तंत्र जुन्या काळापासून चालत आलंय. खोदलेल्या भोकात पोलादी पाइप उतरवतात, त्याला केसिंग म्हणतात. पाइप आणि खडक यांच्यामधल्या फटीत पातळ सिमेंट पंपाने ढकलतात. ते घट्ट झालं की गॅसचा रस्ता बंद.

खरी गोम आहे ती घट्ट होण्याच्या मधल्या वेळात. पातळ असताना सिमेंटचं वजन खालच्या गॅसवर दाब देतं, त्यामुळे गॅस आत शिरू शकत नाही. पूर्ण घट्ट झाल्यावर ते स्वतःच भिंत बनतं. पण मधे एक अवस्था येते, अर्धवट लागलेल्या दह्यासारखी. तेव्हा सिमेंट पाइपला आणि खडकाला चिकटायला लागतं आणि त्याचं वजन त्या भिंतींवर टांगलं जातं. त्यातच थोडं पाणी खडकात झिरपतं, सिमेंट किंचित आकसतं. खालचा दाब घसरतो आणि गॅस वरचढ ठरतो. तो त्या मऊ सिमेंटमधून वाट काढत वर सरकतो आणि नंतर सिमेंट त्या वाटांसकट घट्ट होतं. म्हणजे भिंत तयार, पण आत बोगदे.

म्हणून ही मधली अवस्था शक्यतो अर्ध्या-पाऊण तासात उरकेल असं मिश्रण बनवतात. पाणी झिरपू नये, बारीक छिद्रं बुजावीत म्हणून लॅटेक्स किंवा अतिबारीक सिलिका घालतात. कधी नायट्रोजनचे बुडबुडे मिसळून फेसाळ सिमेंट करतात. सिमेंट आकसलं तरी बुडबुडे फुगतात आणि दाब टिकून राहतो. शिवाय पाइप भोकाच्या मधोमध हवा. तो एका बाजूला टेकला तर तिथला खोदकामाचा चिखल निघतच नाही आणि गॅसला आयती वाट मिळते. पाइप मध्यावर धरणाऱ्या कड्यांना सेंट्रलायझर म्हणतात.

हे सगळं माहीत असूनही मेक्सिकोच्या आखातात काय झालं बघा. बीपीची मकोंडो विहीर, सिमेंटचं काम हॅलिबर्टनकडे. हॅलिबर्टनच्या सॉफ्टवेअर मॉडेलवरून शिफारस निघाली २१ सेंट्रलायझर्सची, वापरले ६. जादा मागवलेले रिगवर पोहोचलेही होते, पण ते चुकीच्या प्रकारचे आहेत असं समजून बाजूला ठेवले. ७ सेंट्रलायझर्स धरून केलेल्या मॉडेलने गॅसचा धोका 'गंभीर' दाखवला, तो अहवाल १८ एप्रिल २०१० ला ईमेलने गेला. काम तरी तसंच झालं. बिल्ड पास झाल्यावर वॉर्निंग कोण वाचतंय, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना फार ओळखीचं आहे.

२० एप्रिलच्या पहाटेआधी सिमेंट भरून झालं. ते पाइपला नीट चिकटलंय का हे तपासणारी टीम रिगवर हजर होती. चाचणी न करताच तिला त्या सकाळी परत पाठवलं. रात्री पावणेदहाच्या सुमारास स्फोट झाला. ११ जण गेले आणि तेल थांबायला ८७ दिवस लागले.

यात एक गुंतागुंत आहे, ती सोडून चालणार नाही. तपासात दिसलं की तेल-वायू बहुधा बाहेरच्या फटीतून वर आलेच नाहीत. ते तळाचं सिमेंट ओलांडून पाइपच्या आतून आले. म्हणजे 'कडी कमी लावली म्हणून स्फोट झाला' ही सोपी गोष्ट टिकत नाही. जास्त गंभीर बाब फेसाळ सिमेंटची होती. हॅलिबर्टनच्याच प्रयोगशाळेत आधीच्या काही चाचण्यांत तो फेस टिकत नव्हता. कमहून गंमत म्हणजे, अपघातानंतर कंपनीने ६ आणि २१ सेंट्रलायझर्सची तुलना सिम्युलेशनवर केली, फरक फारसा दिसला नाही आणि ते निकाल डिलीट करायला लावले गेले. पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा कंपनीने २०१३ मध्ये कबूल केला. दंड झाला २ लाख डॉलर!

तंत्र कमी पडलं असं मला इथे वाटत नाही. आकडे होते, ते कोणी वाचायचे आणि कोणाच्या सांगण्यावरून काम थांबवायचं, एवढं ठरलेलं नव्हतं. आता तोच प्रश्न नव्याने उभा राहतोय. २० वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा ८० पटींहून जास्त उष्णता अडवतो. मालक नसलेल्या जुन्या विहिरी बुजवायला अमेरिकेने २०२१ च्या कायद्यात ४७० कोटी डॉलर ठेवले. आपल्याकडे मुंबई हायमध्ये तेल सापडलं १९७४ ला, म्हणजे तिथल्या सुरुवातीच्या विहिरींचं सिमेंटही आता म्हातारं झालंय.

त्यामुळे 'विहीर सुरक्षितपणे सील केली' किंवा 'कार्बन कायमचा गाडला' अशी बातमी आली की एक आकडा शोधा: केसिंगबाहेरच्या फटीतला दाब. तो सोडून दिल्यावर पुन्हा चढत असेल, तर आत कुठेतरी वाट उघडी आहे. हे मोजणारे सेन्सर असतात, पण त्यांचे आकडे बहुतेकदा कंपनीच्या सर्व्हरवरच राहतात.