पीएच.डी.वाल्यांना हसण्याआधी

डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ‘सारथी’ या शासकीय संस्थेच्या फेलोशिपचा प्रश्न निघाला. संशोधक विद्यार्थ्यांची संख्या 200 वर का आणली, असे सतेज पाटील विधान परिषदेत विचारत होते. त्यावर उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत, असा उलट सवाल केला. गदारोळ झाला, निषेध झाले, चार दिवसांनी सगळे शांत झाले. पण खरे सांगायचे तर त्या दिवशी सभागृहात जे बोलले गेले, ते आमच्या धाराशिव जिल्ह्यात रोज बोलले जाते. कळंबच्या एसटी स्टँडवर, उमरग्यात लग्नाच्या बोलणीत आणि गंमत म्हणजे कॉलेजांच्या स्टाफरूममध्येही. ‘पोरगं काय करतंय?’ ‘पीएच.डी. करतंय.’ ‘म्हंजे रिकामंच हाय की!’ म्हणून हा वाद एका मंत्र्याशी नाही. तो आपल्या सगळ्यांच्या समजुतीशी आहे.

पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. अर्धवट मांडून तो खोडण्यात काही पुरुषार्थ नाही. टीकाकारांचे म्हणणे असे: प्राध्यापकभरती वर्षानुवर्षे रखडलेली, नेट-सेट झालेली मुले तासिका तत्त्वावर राबतात. त्यातच 2023 मध्ये यूजीसीने सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी.ची सक्तीही काढली. मग चार-पाच वर्षे घालवायची कशाला? फेलोशिप मिळते म्हणून. दुसरे असे की, जे संशोधन होते ते भरताड असते. तिसरे, करायचेच तर विज्ञानात करा, इतिहास-समाजशास्त्र-मराठीत संशोधन करून कोणाचे पोट भरले? आणि चौथे, जे तोंडावर कोणी म्हणत नाही पण मनात सगळ्यांच्या असते: संशोधन करायचे तर पुण्या-मुंबईला जावे, नीती आयोगाने ‘आकांक्षित’ म्हणून यादीत घातलेल्या जिल्ह्यात बसून काय होणार?

यातला दुसरा मुद्दा मला मान्य आहे, आणि टीकाकार बोलतात त्याहून कडक शब्दांत मान्य आहे. प्रबंध कसे ‘पाडले’ जातात हे या व्यवसायात वावरणाऱ्याला माहीत असते. प्रश्नावलीचे शंभर फॉर्म, शंभरही एकाच पेनने भरलेले, बरोबरच्या खुणा एकाच कलाने झुकलेल्या, उत्तरदात्यांची वये 35, 40, 45 अशी पाचाच्या पाढ्यात. त्यावर पाय-चार्ट, आणि शेवटच्या प्रकरणात ‘गृहीतक सिद्ध झाले’. गृहीतक चुकीचे ठरलेला प्रबंध मराठवाड्यात क्वचितच कोणी पाहिला असेल! विषय घ्यावा तर अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण, नाहीतर तमुक तालुक्यातील बचतगटांचा चिकित्सक अभ्यास. तालुका बदलला की प्रबंध नवा. उसनवारी पकडायला यूजीसीने 2018 मध्ये नियम केले, तर दहा टक्क्यांच्या आत साम्य बसवून देणारे डीटीपीवालेच उभे राहिले. पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक इतके माजले की प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे, ही अट 2022 च्या नियमांत काढून टाकावी लागली.

पण यातून निष्कर्ष कोणता काढायचा? खोट्या औषधांचा सुळसुळाट झाला म्हणून आपण दवाखाने बंद करत नाही. भरताड संशोधनाचा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे सोपे आहे, कारण तो सगळ्यात खालच्या पायरीवर उभा आहे. सिनॉप्सिस मंजूर करणारी समिती, एकदाही क्षेत्रावर न गेलेला गाइड, चहा-पोह्यांवर तोंडी परीक्षा उरकणारा बाहेरचा परीक्षक, यांच्या सह्यांशिवाय एकही भरताड प्रबंध पास होत नाही. म्हणून पहिली दुरुस्ती ही की, मुले फार झाली हा रोग नव्हे. त्यांच्याकडून कोणी काही मागत नाही, हा रोग आहे.

आता फेलोशिपचे. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी एका तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. संस्थानचा पैसा, म्हणजे रयतेचाच. त्या तरुणाने 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात हिंदुस्थानातल्या जातींवर एक निबंध वाचला. वय 25, हातात अजून डॉक्टरेट नाही. विद्यार्थ्याने वर्गात वाचलेला तो निबंध शंभर वर्षांनंतरही जगभर अभ्यासला जातो. त्यांचा पीएच.डी.चा विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांची वित्तव्यवस्था, म्हणजे आजच्या भाषेत केंद्राने राज्याला किती पैसे द्यायचे हा वाद. मराठवाड्यातल्या आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते डॉक्टर आधी संशोधक विद्यार्थी होते आणि सरकारी शिष्यवृत्तीवर शिकत होते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. प्रत्येक मुलगा आंबेडकर होत नाही हे खरेच. पण 200 ही मर्यादा घालणाऱ्या कोष्टकात तो ओळखण्याचा रकाना कुठे आहे?

कलाशाखा की विज्ञान, या भांडणाचा निकाल आमच्याच जिल्ह्याच्या मातीने लावलेला आहे. 30 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण सास्तूर आणि त्याच्या भोवतालची गावे आमची, आजच्या लोहारा तालुक्यातली. दोन्ही जिल्हे मिळून जवळपास दहा हजार माणसे गेली. तोवर दख्खनचे पठार म्हणजे अचल खडक, अशी समजूत होती, आणि भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात रंगवलेला होता. खरे तर वर्षभर आधी, 1992 च्या पावसाळ्यापासून, त्या पट्ट्यात जमिनीतून गुरगुरल्यासारखे आवाज येत होते, भांडी वाजत होती. ऑक्टोबरमध्ये तर चांगला जाणवणारा धक्का बसला होता. गावकरी सांगत होते. समजा, त्या वर्षी एखाद्या विद्यार्थ्याने ‘किल्लारी परिसरातील भूगर्भीय आवाजांची नोंद’ असा विषय घेतला असता, तर कोणत्या समितीने तो उपयुक्त म्हणून मंजूर केला असता? 2002 च्या सुधारित नकाशात हा भाग तिसऱ्या विभागात गेला. संशोधनाची उपयुक्तता आधी ठरवून मग पैसे देऊ म्हणणाऱ्यांनी ही दोन सालं, 1992 आणि 2002, शेजारी ठेवून पाहावीत.

आणि हा प्रश्न एकट्या भूगर्भशास्त्राचा होता का? हादरा जमिनीने दिला, पण माणसे मेली ती घरांखाली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, वर लाकडी खणांवर टाकलेले मातीचे माळवद. उन्हाळ्यात गार राहणारे, चोरापासून जपणारे हे घर त्या पहाटे छातीवर आले. दगड-मातीच्या भिंतीला भूकंप कसा फोडतो, हे अभियंता सांगेल. लोक तसे घर का बांधत होते, आणि भूकंपानंतर काँक्रीटच्या घरात राहायला जाऊन ओसरी, वाडा, भावकीची गल्ली हरवल्यावर त्यांचे काय झाले, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यालाच विचारावे लागेल. 52 गावे पूर्णपणे उचलून नव्या जागी बसवली. शहरातल्या कॉलनीसारखे सरळ रस्ते, सुटी सुटी घरे. शेळी बांधायची कुठे, कडबा रचायचा कुठे, म्हातारीने बसायचे कुठे, हे प्रश्न नकाशा काढणाऱ्याला पडले नव्हते. या पुनर्वसित गावांवर नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठात 2002 मध्ये रोहित जिग्यासू यांनी डॉक्टरेटचा प्रबंध दिला. स्थानिक ज्ञान बाजूला सारून केलेले पुनर्वसन माणसांना पुन्हा असुरक्षित कसे करते, हा त्याचा विषय. ट्रॉन्डहाइमला मराठवाड्याची गावे दिसली. सास्तूरपासून तासा-दोन तासांच्या अंतरावरच्या कॉलेजांतल्या आपल्या विद्यार्थ्यांना ती दिसत नसतील, तर त्यांना कोणी तिकडे बोट करून दाखवले नाही एवढाच त्याचा अर्थ.

धाराशिवमध्ये बसून काय होणार, याचे उत्तर तेरला जाऊन घ्यावे. शहरापासून फार लांब नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक व्यापारी वर्णनात, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे आणि तिथून भडोच बंदराकडे कापडाच्या गाड्या जातात, असे लिहिलेले आहे. शिलाहार राजे स्वतःला तगरपुरवराधीश्वर म्हणवत. हे तगर कुठे, यावर विद्वान भांडत होते. कोणी देवगिरीला बोट दाखवी, कोणी जुन्नरला. 1901 मध्ये फ्लीट यांनी ते तेर असल्याचे दाखवून दिले. पण तेरच्या पांढरीतून पावसाळ्यात वर येणारे मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या वेचून जपल्या त्या गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी. आज तिथल्या शासकीय संग्रहालयाला त्यांचे नाव आहे, आणि तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाँपेईत सापडलेल्या मूर्तीची बहीण शोभावी अशी आहे. लामतुरे कोणत्याही विद्यापीठाचे संशोधक नव्हते. तरी त्यांनी जे केले ते विद्यापीठात बसून होण्याजोगे नव्हते, कारण त्याला पहिल्या पावसानंतर सकाळी टेकडीवर हजर असावे लागते. स्थानिक विद्यार्थ्याचे बळ नेमके इथे आहे. त्याला गावाची बोली कळते, कोणत्या शेताची माती पांढरी आहे ते ठाऊक असते, आणि तो पुढच्या पावसातही तिथेच असतो. बाहेरचा विद्वान फेलोशिप संपली की जातो.

यावर कोणी म्हणेल, मग काय सगळ्यांनी गावकुसातलेच विषय घ्यावेत? तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा ग्रामीण परिसर 1986 पासून आहे, तिथे देशभरातली मुले शिकायला येतात आणि आसपासच्या खेड्यांत फिरतात. त्यांना कोणी संकुचित म्हणत नाही. बाहेरच्याने तुळजापूरचा अभ्यास केला की ते समाजशास्त्र आणि तुळजापूरच्या पोरीने केला की गावकुस, हा न्याय कुठला? शिवाय मी सक्ती सुचवत नाही. धाराशिवच्या मुलाला गणितातले अमूर्त प्रमेय सोडवायचे असेल तर खुशाल सोडवावे. त्याच्याकडून जिल्हा नियोजनाचा अहवाल मागू नये.

पण ज्यांना विषय सापडत नाही म्हणून स्त्रीचित्रणाकडे वळावे लागते, त्यांच्यासाठी हा जिल्हा उघडा पडला आहे. विद्यापीठाचे उपकेंद्र 2004 पासून धाराशिव शहरात आहे. भूमच्या खवाभट्ट्यांवर सरपणाच्या धुरात दूध आटवले जाते, तो खवा उन्हाळ्यात किती तासांत आणि कशामुळे आंबतो, हा सूक्ष्मजीवशास्त्राचा अस्सल प्रश्न आहे. सरपण सोडायला भट्टीवाला का कचरतो, हा अर्थशास्त्राचा. ज्या काळ्या शेळीला जिल्ह्याच्या जुन्या नावावरून देशभर उस्मानाबादी म्हणून ओळखतात, तिचे शुद्ध वाण आज कोणत्या तालुक्यात कोणाच्या दावणीला आहे? तेरणा, मांजरा, सीना, बोरी या नद्यांच्या काठी पर्जन्यछायेत ऊस कसा पसरला, आणि सप्टेंबर 2025 मध्ये त्याच दुष्काळी परंडा-भूमच्या शिवारातली माती पुराने कशी खरवडून नेली? नळदुर्गात बोरी नदीवर इब्राहिम आदिलशाहाच्या काळात बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला. त्याचे जलविज्ञान मांडायला अभियांत्रिकी लागेल, आणि फारसी शिलालेख वाचायला फारसी. निजामाच्या राज्यातली आमची जुनी महसुली कागदपत्रे उर्दूत आहेत. ती वाचणारी पिढी सरत आली. मराठवाड्याच्या इतिहासाला आज नवीन सिद्धांतापेक्षा उर्दू येणाऱ्या वीस मुलांची जास्त गरज आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यासाठी काय लागते? फेलोशिप महिन्याच्या महिन्याला. यूजीसीचा दर 2023 पासून 37,000 रुपये आहे, पण वर्षभराने एकरकमी हातात पडणाऱ्या पैशांवर कोणी शिवार फिरत नाही, कर्ज फेडतो. गाइडने विद्यार्थ्याबरोबर एकदा तरी क्षेत्रावर जावे आणि त्याची तारीख प्रबंधात छापावी. विज्ञान आणि समाजशास्त्राचे दोन गाइड एका विद्यार्थ्याला मिळावेत. भूकंप काही शाखा पाहून आला नव्हता. आणि सगळ्यात महत्त्वाचे, नियमांनुसार प्रबंधाची तोंडी परीक्षा खुलीच असते. मग ती विद्यापीठाच्या बंद खोलीत चार खुर्च्यांपुढे कशाला? ज्या गावातून माहिती गोळा केली त्या गावच्या शाळेत, निदान तालुक्याच्या ठिकाणी, मराठीतून एक जाहीर व्याख्यान व्हावे आणि मगच पदवी मिळावी. ज्यांच्या नावाने खोटे फॉर्म भरले, तेच समोर बसलेले असले की पाचाच्या पाढ्यातली वये आपोआप बंद होतील.

प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर चढतो, सोनेरी अक्षरांची रेक्झिनची प्रत ग्रंथालयात जाते, आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला पत्ताही नसतो. हे बदलणे निम्मे विद्यापीठाच्या हातात आहे आणि निम्मे आपल्या. तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या दारात प्रश्नावली घेऊन एखादी पोरगी उभी राहिली, तर ‘कशाला हे रिकामे उद्योग’ म्हणून तिला वाटेला लावू नका. बसवा, खरी उत्तरे द्या, आणि प्रबंध झाला की त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात आणून द्यायची, हे तिच्याकडून कबूल करून घ्या.