जुन्या रायफलीला कोणती गोळी?

निवृत्त मास्तराने बंदुकीवर लिहावं, हे काही जणांना विचित्र वाटेल. पण मराठी आणि इतिहास शिकवता शिकवता शाळेतली एनसीसी बरीच वर्षं माझ्याकडे होती. त्यामुळे नात्यागोत्यात कुणाच्या माळवदावर, कुणाच्या ट्रंकेत जुनी बंदूक निघाली की फोन मला येतो. प्रश्न ठरलेला असतो: "हिला कोणती गोळी लागते आणि कुठं मिळते?"

माझं उत्तरही ठरलेलं आहे. ते आज एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे प्रत्येकाला फोनवर पाढा वाचायला नको. जुन्या लष्करी रायफलीची गोळी आपण निवडायची नसते. ती आधीच ठरलेली असते, नळीवरच्या शिक्क्याने आणि परवान्यावरच्या ओळीने. या दोघांचं एकमत नसेल, किंवा दोन्हींतलं एकही वाचता येत नसेल, तर ती रायफल रिकामी राहू द्यावी. हौस, काटकसर, "आमच्या आजोबांनी मारलेली होती" ही कारणं तिथे चालत नाहीत.

आता हे असं का, ते सांगतो.

आपल्याकडे 'थ्री नॉट थ्री' हा शब्द ज्याला माहीत नाही असा माणूस विरळा. पोलीस चौकीत, बँकेच्या दारात, मतदान केंद्रावर आपण ती पाहिली आहे. इंग्रजांची ली-एनफील्ड. इंचाच्या हजार भागांपैकी ३०३ भाग एवढी नळी, म्हणून ते नाव. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं तयार झाली. लष्कराने १९६० च्या दशकात एसएलआर घेतली आणि या जुन्या रायफली पोलीस, होमगार्ड आणि एनसीसीकडे आल्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला तिला समारंभाने निरोप दिला.

पण खरी गंमत (आणि खरा धोकाही) पुढेच आहे. या एकाच चेहऱ्याच्या निदान चार रायफली आपल्या देशात फिरल्या, आणि चारींची काडतुसं वेगळी. पहिली ही मूळची ३०३. दुसरी ७.६२ ची. १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने त्याच साच्यात, पण अधिक चांगल्या पोलादाची रायफल काढली, कारण नव्या ७.६२ च्या काडतुसाचा दाब जास्त होता. फरक काय, तर मॅगझिनची पेटी जरा चौकोनी. तिसरी ४१० ची मस्केट आणि चौथी ३१५ ची. शेवटच्या दोघींची गोष्ट जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

१८५७ साली काडतुसावरून काय झालं ते शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. चरबी लावलेल्या काडतुसाचं निमित्त झालं आणि मंगल पांडेंचं नाव इतिहासात गेलं. त्या उठावानंतर आपल्या लोकांच्या हातात कोणतं हत्यार द्यायचं, याची इंग्रजांनी कायमची धास्ती घेतली. पुढे विसाव्या शतकात त्यांनी पोलिसांसाठी आणि पहारेकऱ्यांसाठी ३०३ च्याच रायफलींची नळी मोठी, आतून गुळगुळीत करून घेतली आणि तिला ४१० चं वेगळं काडतूस दिलं. लष्कराची चोरलेली ३०३ गोळी त्या मस्केटमध्ये कामाची राहिली नाही, आणि मस्केट लुटली गेली तरी ती दूर मारा करू शकत नव्हती. स्वतःच्याच पोलिसावर विश्वास नाही, म्हणून त्याची बंदूकच अधू करून ठेवली!

सामान्य परवानाधारकाचंही तेच. लष्करी काडतूस खासगी माणसाला नाही, हा नियम झाला. मग शिकारी आणि जमीनदार यांच्यासाठी ३१५ बोअर आली. मागचा सांगाडा ली-एनफील्डच्याच घराण्यातला, पण नळी आठ मिलिमीटरची आणि काडतूस अगदी वेगळं. स्वातंत्र्यानंतर इशापूरने ती रायफल आणि पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याने तिची काडतुसं बनवली. खडकीचा हा कारखाना १८६९ चा. काडतुसाच्या बुडाशी इंग्रजी 'के एफ' अक्षरं दिसतात, ती खडकीचीच.

आपल्या शस्त्र नियमांत आजही ही भाषा टिकून आहे. ३०३ किंवा ७.६२ ची लष्करी गोळी जिच्यात बसेल आणि उडेल, अशी रायफल निषिद्ध वर्गात. ४१० ची मस्केटही त्यातच. म्हणजे कायदा बंदुकीकडे पाहतो तेव्हा आधी विचारतो, "तू कोणतं काडतूस खातेस?" माझ्या मते हाच प्रश्न प्रत्येक मालकाने विचारला पाहिजे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझा एक भाचा. लातूर जिल्ह्यात त्याची शेती आहे. त्याचे वडील परवानाधारक होते, घरात ३१५ होती. वडील गेले. नियमाप्रमाणे रायफल पोलीस ठाण्यात जमा झाली आणि वारस म्हणून त्याने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज केला आहे. इथपर्यंत सगळं सरळ. पण मध्यंतरी त्याचा फोन आला. "मामा, एक जण म्हणतोय की थ्री नॉट थ्रीच्या गोळ्या मिळतील, स्वस्तात. मशीन तर सारखीच हाय म्हणं. आन् दादांच्या ट्रंकेत जुन्या पंधरा-वीस गोळ्या निघाल्यात, त्या चालतील का?"

पोरगा हुशार आहे, शेतीत मेहनती आहे. सोयाबीन काढणीला आलं की रानडुकरं एका रात्रीत वाफेच्या वाफे लोळवून जातात, रोहींचे कळप तुरीत शिरतात. रात्रभर जागून डबे वाजवणाऱ्या माणसाची तडफड मला कळते. म्हणूनच त्याला जे सांगितलं ते इथेही सांगतो.

"मशीन सारखीच आहे" हे वाक्य सगळ्यात घातक. काडतूस म्हणजे चार गोष्टी: पुढे गोळी, मागे पितळी पुंगळी, पुंगळीत दारू आणि बुडाशी टोपी. चाप ओढला की टोपी पेटते, दारूचा वायू होतो आणि तो वायू सगळीकडे जायला धडपडतो. पितळी पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसते, म्हणून वायूला मागे यायला वाट मिळत नाही आणि तो गोळीला पुढे ढकलतो. पुंगळी त्या घरात नेमकी बसत नसेल तर ती फाटते, आणि मग तो तापलेला वायू मागे येतो. मागे कोण असतं? नेम धरून, गाल दस्त्याला टेकवून बसलेला माणूस. त्याचा डोळा. गोळी नळीपेक्षा जाड असेल तर दाब किती वाढेल याचा नेम नाही. म्हणून 'बसते' आणि 'चालते' या दोन क्रियापदांत गल्लत करू नये. भाषेच्या मास्तराने सांगितलेलं व्याकरण समजा, पण या चुकीला लाल शाई पुरत नाही.

शिवाय कायद्याची बाजू. ३०३ ची गोळी निषिद्ध दारूगोळ्यात मोडते. परवाना ३१५ चा असला तरी खिशात ती सापडली तर परवाना ढाल होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निषिद्ध शस्त्र किंवा दारूगोळा बाळगण्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त चौदा वर्षं कैद आहे. काडतुसामागे काही रुपये वाचवायला निघालेल्या माणसाने हा हिशेब आधी करावा. स्वस्त गोळी देणारा माणूस त्या दिवशी ओळखही दाखवणार नाही.

आता ट्रंकेतल्या जुन्या गोळ्या. जुनं काडतूस दिसायला चकचकीत असू शकतं. पण आपल्याकडचा मे महिना, पत्र्याखालची खोली, वर लोखंडी ट्रंक! आतल्या दारूचं आणि टोपीचं काय झालं असेल ते बाहेरून कळत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्या अंत्यसंस्काराला पोलिसांनी मानवंदनेसाठी बंदुका उचलल्या आणि २२ पैकी एकही उडाली नाही. ती तर सरकारी व्यवस्था. मग आपल्या ट्रंकेचं काय घेऊन बसलात? आणि न उडालेल्या गोळीपेक्षा उशिरा उडणारी वाईट. चाप ओढला, काही झालं नाही, म्हणून माणूस लगेच बोल्ट उघडून पाहतो आणि तेवढ्यात ती पेटते. एनसीसीच्या फायरिंगला आम्ही पोरांना पॉइंट टू टूच्या छोट्या गोळीलाही बजावायचो: उडाली नाही तर नळी समोरच ठेवा, हात काढू नका, उस्तादाला हाक मारा.

जुन्या काडतुसांची अजून एक खोड. त्यांच्या टोपीतून जळल्यावर मिठासारखा क्षार नळीत उरतो. पावसाळी हवेत तो ओल धरतो आणि आतून गंज चढतो. नुसत्या तेलाने तो निघत नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. म्हणून जुने शिपाई फायरिंग झाल्यावर नळीत उकळतं पाणी ओतायचे, मग पुल-थ्रूला चिंधी लावून कोरडी करायचे आणि शेवटी तेल. ज्यांच्या रायफलीची नळी आत काळी, खडबडीत झाली आहे त्यांनी ती जाणकार परवानाधारक दुरुस्तीवाल्याला दाखवल्याशिवाय नवी, योग्य गोळीसुद्धा घालू नये.

म्हणून भाच्याला सांगितलं: ट्रंकेतल्या गोळ्या मोजून, यादी करून पोलीस ठाण्यात जमा कर. परवाना झाल्यावर अधिकृत दुकानातून, परवान्यावर नोंद करून, खडकीची ताजी ३१५ घे. पहिल्यांदा कुणी भरून दिलेली, पुन्हा वापरलेली पुंगळी असेल तर हात लावू नको. आणि रानडुकरासाठी वनखात्याची परवानगी वेगळी लागते, बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नाही.

आमच्या घरातल्या एका ज्येष्ठांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं साधं आहे. "हा नियम इंग्रजांचा. त्यांना आपली भीती होती. आता कुणाची भीती आहे? रझाकारांच्या वेळी गावात एक थ्री नॉट थ्री असती तर वेगळं झालं असतं." मी हे हसण्यावारी नेत नाही. नांदेड-लातूरच्या ज्या घरांनी १९४७-४८ चं वर्ष पाहिलं, तिथे या वाक्यामागे जळालेली घरं आहेत. सरहद्दीवरच्या कॅम्पांतली आपली माणसं मिळेल त्या हत्यारानिशी उभी राहिली, आणि तिकडे सिडनी कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून विमानं भरून निजामासाठी शस्त्रं आणत होता. त्यातली काही विमानं आपल्या उदगीरला लागून असलेल्या बीदरला उतरत.

पण त्याच इतिहासाचा दुसरा अर्थही आहे. तेव्हा रझाकार मातले, कारण शस्त्रं कुणाकडे असावीत यावर कुणाचा धरबंदच उरला नव्हता. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा आल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला, तेव्हा गावं सुटली. फौजेची गोळी फौजेकडे असावी, हा धडा मी त्यातून घेतो. इंग्रजांचा हेतू अविश्वासाचा होता हे मान्य. पण आज लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणारे पाहिले की वाटतं, हेतू बदलून नियम ठेवलेला बरा. (वरातीतल्या त्या हौसेलाही २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे, हे नवरदेवांच्या मित्रांनी लक्षात घ्यावं.)

एक मागणी मात्र रास्त वाटते. परवाना देताना नुसता शिक्का मारून कागद हातात देऊ नये. नळीवरचा आकडा कसा वाचायचा, कोणतं काडतूस, ते किती दिवस ठेवायचं, न उडाल्यास काय करायचं, एवढं मराठीत लिहिलेलं एक पान त्यासोबत द्यावं. औषधाच्या बाटलीवर मुदत लिहितो, मग इथे का नको?

आणि ज्यांच्या घरातली रायफल आता कोणत्याच गोळीची राहिली नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. आमच्या नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात गुरू गोविंदसिंगांची शस्त्रं जपलेली आहेत, त्यांत तोड्याची बंदूकही आहे. रोज संध्याकाळी आरतीनंतर शस्त्रांचं दर्शन होतं, माणसं माथा टेकतात. त्या बंदुकीत गोळी आहे का, असं कुणी विचारत नाही. परवाना कायदेशीर असेल तर खंडेनवमीला रिकाम्या रायफलीलाही झेंडूची फुलं वाहता येतात.

पटलं तर पोरांना वाचून दाखवा.