अरबी कोणाची?

गेली अनेक वर्षे मी विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षाला अरबी शिकवितो. या शाळेच्या वसतिगृहात वाढलेला मुलगा अरबीचा अध्यापक झाला हे कळल्यावर आपल्यापैकी अनेकांनी मला विचारले आहे, "तुम्ही बौद्ध, मग अरबी कशी काय?" हाच प्रश्न माझ्या वर्गातील हिंदू, ख्रिस्ती व बौद्ध मुलामुलींना घरी ऐकावा लागतो. मुसलमान विद्यार्थ्याला मात्र "तुला तर ती येतच असेल" असे ऐकविले जाते. दोन्ही समजुती सारख्याच चुकीच्या आहेत आणि त्यांची किंमत विद्यार्थ्यांनाच मोजावी लागते.

मकतबात कुराण वाचावयास शिकलेला विद्यार्थी अक्षरे ओळखतो, त्याचे उच्चारही बहुधा शुद्ध असतात. ज्या चार अक्षरांचा आपण सरसकट 'झ' करून टाकतो, ती तो वेगवेगळी उच्चारून दाखवितो. परंतु कुराण स्वरचिन्हांसह छापलेले असते. वर्तमानपत्रात ती चिन्हे नसतात. तेथे क-त-ब ही तीन अक्षरे 'कतबा' म्हणजे त्याने लिहिले, 'कुतिबा' म्हणजे लिहिले गेले, की 'कुतुब' म्हणजे पुस्तके, हे व्याकरण आणि संदर्भच सांगतात. अस्खलित वाचणारा हा मुलगा बातमीच्या पहिल्याच ओळीला अडखळतो. अपमान वाटून अभ्यासक्रम सोडून गेलेले असे विद्यार्थी मी पाहिले आहेत; लिपीच्या धास्तीने गेलेले नवखे तर त्याहून अधिक.

म्हणून दोन तुकड्या कराव्यात, अशी सूचना एकदा विभागात आली. कागदावर ती सोयीची होती. मी विरोध केला, कारण तुकड्या लिपीच्या नावाने पडल्या तरी हजेरीपटावर त्या धर्माच्याच दिसल्या असत्या. नवख्यांना लिपीचा जादा तास द्यावा, पण व्याकरण सर्वांनी एकाच बाकावर, पहिल्या धड्यापासून शिकावे, हे माझे मत आजही कायम आहे.

येथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. कोणाला परके वाटू नये म्हणून प्रारंभी मी कुराणातील उतारे टाळीत असे. एके दिवशी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे तुम्ही आमच्यापासून लपविता की त्यांच्यापासून?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. अरबी व्याकरणकारांनी ज्या ग्रंथातून पदोपदी उदाहरणे घेतली, तो वगळून व्याकरण शिकविणे म्हणजे पाया झाकून भिंत दाखविणे होय. आता मी ते उतारे भाषेचा नमुना म्हणून शिकवितो. श्रद्धा मागत नाही, नाकारीतही नाही.

त्यांच्या जोडीला एक टिंबाची गोष्ट सांगतो. भगवान बुद्धांची चरित्रकथा अरबीत 'बिलौहर व बूदासफ' या नावाने गेली. 'बूदासफ' हे बोधिसत्त्वाचेच रूप. शब्दाच्या आरंभी 'ब'ला खाली एक टिंब, 'य'ला दोन. टिंबांच्या गोंधळात बूदासफचा 'यूदासफ' झाला, कथा जॉर्जियन व ग्रीक भाषांतून युरोपात पोहोचली आणि सिद्धार्थाची सावली 'जोसाफट' नावाने ख्रिस्ती संतांच्या यादीत जाऊन बसली. ही गोष्ट ऐकल्यानंतर माझ्या वर्गात टिंबे चुकण्याचे प्रमाण घटते, हा तिचा व्यावहारिक लाभ!

शाळेत संस्कृत नाकारले गेल्यामुळे बाबासाहेबांना फारसी घ्यावी लागली, हे आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. भाषेच्या दारावर पहारेकरी बसला की काय होते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? मग आपल्याच घरातील मुलीने अरबीचा अर्ज भरला, की आपण तिला 'ही भाषा आपली नव्हे' असे का सांगतो?

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना माझी एवढीच विनंती आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठासारख्या ठिकाणी अरबी पूर्वी न शिकलेल्यालाही बी.ए.ला ती घेता येते, हे बारावीच्या मुलांना सांगा. येथे पाली शिकलेल्यांना विभक्ती नवी वाटणार नाही. पालीने टाकून दिलेले द्विवचन मात्र अरबीत जिवंत आहे. त्याचा सराव करावा लागेल. पहिले दोन महिने कठीण जातात. त्या काळात घरून फोन आला, तर धर्माविषयी न विचारता धडा कोठवर आला एवढे विचारावे.