छोट्या गाडीची मागे राहिलेली स्टेशनं

गोंदिया जंक्शनातून उत्तरेला बालाघाट, नैनपूर, जबलपूर आणि दक्षिणेला नागभीड, चांदा अशी दोन्हीकडे अडीच फुटी रुळांवर छोटी गाडी धावत असे, हे आज तिथे उतरणाऱ्या तरुणाला सांगूनही पटत नाही. बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे मार्ग बांधले. चांद्याकडचा रस्ता नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाला, बालाघाटचा त्यानंतर. नैनपूर-जबलपूरची छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली. गेज बदलताना जिथे आखणी सरकली, तिथे जुने फलाट आणि तिकीटखिडक्या मागेच राहिल्या.

आता तिथे कॅमेरे जातात. जावेतच. पण भिंतीतून उगवलेला पिंपळ आणि मावळतीचा केशरी उजेड, एवढ्यावरच बहुतेकांचं काम भागतं. असा फोटो कोणत्याही पडक्या वाड्याचा निघतो! स्टेशनाचा फोटो वेगळा. त्यात पाटीवरची अक्षरं हवीत, फलाटाची उंची कळायला शेजारी माणूस हवा, वजनकाट्याची जागा हवी. खाली तारीख आणि गावाचं नाव हवंच.

परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या. इंजिनं आणि डबे पाहायचे तर नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेज संग्रहालय आहे. मात्र गोंदिया, गोरेगाव, अर्जुनी मोरगाव भागातल्या घरांत छोट्या गाडीचे जुने फोटो असतील, तर त्यांच्या प्रती आमच्याकडे जरूर पाठवा.