दार उघडेच आहे

विद्यार्थी मित्रांनो, दहावी-बारावीनंतर तुमच्यापैकी अनेक जण शिक्षणासाठी मोठ्या शहरात जातील. तेथे चांगले महाविद्यालय मिळते, मोठे ग्रंथालय मिळते, पुढे नोकरीही मिळते. परंतु मोठे शहर आणखी एक गोष्ट देते. तिचा उल्लेख प्रवेश-अर्जात नसतो आणि तिची परीक्षाही होत नाही. ती गोष्ट म्हणजे कलेची ओळख. पुष्कळ विद्यार्थी तीन-चार वर्षे शहरात राहतात, पदवी घेतात आणि ही ओळख करून न घेताच परत येतात. माझ्या मते हे मोठे नुकसान आहे.

असे का होते? ‘चित्रे, नाटके, गाण्याच्या मैफली हे सारे श्रीमंतांचे शौक आहेत, ते आपल्यासाठी नाही,’ असा एक समज आपल्या मनात घट्ट बसलेला असतो. कोणी आपल्याला अडवलेले नसते, तरी आपण दाराबाहेरूनच निघून जातो. म्हणून हा समज कितपत खरा आहे, हे तपासून पाहिले पाहिजे.

पहिली अडचण पैशाची. मी मालेगावच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतून मुंबईला शिकायला गेले. काळा घोडा परिसरातील जहांगीर कलादालनावरून आम्हा मैत्रिणींचे नेहमी जाणे-येणे होई. पण तिकीट किती असेल, या विचाराने आत जाण्याचे धैर्य होत नसे. शेवटी एकदा आम्ही विचारले, तेव्हा कळले की तिकीट नाहीच! १९५२ साली सुरू झालेल्या या कलादालनात प्रवेश विनामूल्य आहे. आत एक वयस्कर चित्रकार आपल्या चित्रांजवळ बसले होते. एका चित्रात नुसत्या निळ्या रेघा होत्या. मी भीत भीत विचारले, “सर, हे काय आहे?” ते म्हणाले, “बेटा, तुला काय दिसते?” मला त्या रेघांत मागावर ताणलेले सूत दिसले. आमच्या गावात घरोघरी तेच दिसते. ते ऐकून ते हसले. मग रंगावर रंग कसा चढवतात आणि पहिला थर वाळू का द्यावा लागतो, हे त्यांनी आम्हांला समजावून सांगितले. असा धडा शिकवणी लावूनही मिळाला नसता.

जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. ते १९२२ साली लोकांसाठी खुले झाले. तेथे तिकीट आहे; पण विद्यार्थ्यांना सवलत मिळते. मोगल काळातील लघुचित्रे तेथे पाहता येतात. तळहाताएवढ्या जागेत बाग, घोडे, माणसे आणि सुंदर अक्षरे! ज्यांनी गावात एखाद्या कातिबाला बोरूने लिहिताना पाहिले आहे, त्यांना त्या अक्षरांमागची मेहनत चटकन समजते. सारीच दारे इतकी स्वस्त नाहीत, हेही खरे. काही नाटकांची आणि मैफलींची तिकिटे विद्यार्थ्याला परवडत नाहीत. परंतु जे विनामूल्य आहे, तेवढे पाहायलाही तीन वर्षे पुरत नाहीत.

दुसरी अडचण भाषेची. “आम्ही उर्दू माध्यमाचे. मराठी नाटक आम्हांला कसे समजणार?” असे विद्यार्थी विचारतात. याचे उत्तर तुम्ही वाचत असलेल्या या पुस्तकातच आहे. मराठी हा विषय केवळ उत्तीर्ण होण्यासाठी नाही. तो मराठी रंगभूमीच्या दाराची किल्ली आहे. मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून अनेक वर्षे प्रायोगिक नाटके होत असत. साधे सभागृह, थोडे दिवे आणि समोर बसलेले प्रेक्षक. एवढ्यावर तेथे नवे मराठी नाटक घडले. महाविद्यालयांच्या एकांकिका स्पर्धा आजही होतात. अशी पहिली एकांकिका पाहताना मला निम्मेच संवाद समजले. उरलेले नटांच्या चेहऱ्यांनी समजावले. वर्षअखेर मला शब्दकोशाची गरज कमी भासू लागली. शिवाय मुशायऱ्यात शेराची दुसरी ओळ येईपर्यंत आपण श्वास रोखून बसतो आणि मग मनापासून दाद देतो. ज्याला असे ऐकता येते, तो कोणत्याही कलेचा चांगला रसिक होऊ शकतो.

आता या शहराची कला कोणी घडवली, तेही पाहा. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा. ते मुंबईत आले आणि पोटासाठी सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवू लागले. हैदराबादजवळच्या बोलारमचे के. एच. आरा लहानपणीच मुंबईत आले आणि लोकांच्या घरी काम करत चित्रे काढू लागले. १९४७ साली स्थापन झालेल्या ज्या चित्रकार-गटाने भारतीय चित्रकलेला नवे वळण दिले, त्यात हे दोघेही होते. मुरादाबादकडून आलेल्या छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ या गायक बंधूंनी जेथे मुक्काम केला, त्या भेंडीबाजाराच्या नावाने संगीताचे एक घराणे ओळखले जाते. याच घराण्याचे उस्ताद अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकर गाणे शिकल्या. बार्शीचे मेहबूब पटेल हे शाहीर अमर शेख या नावाने मराठीत गाऊ लागले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा आवाज दुमदुमला. यांतील बहुतेक जण बाहेरगावाहून, रिकाम्या हाताने आले होते. मग ही कला आपली नाही, असे आपण का म्हणावे?

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे. मी सुट्टीत घरी येऊन चित्रांविषयी बोलू लागले, तेव्हा अब्बांनी विचारले, “बेटी, याने मार्क वाढतात का?” त्यांचा प्रश्न रास्त होता. जो बाप रात्रपाळी करून फीचे पैसे पाठवतो, त्याला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्याचे खरे उत्तर असे, की मार्क वाढत नाहीत. अभ्यास सोडून नाटकांच्या मागे फिरणे हेही योग्य नाही. परंतु एका चित्रासमोर दहा मिनिटे शांतपणे उभे राहणाऱ्याला बारकाईने पाहण्याची सवय लागते. नाटकात दुसऱ्याचे दुःख पाहून ज्याचे डोळे भरून येतात, तो शेजाऱ्याचे दुःखही लवकर ओळखतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याला शहरात परके वाटत नाही. वसतिगृहाची खोली आणि वर्ग एवढेच ज्याचे शहर असते, तो तेथे पाहुणा म्हणून राहतो व पाहुणा म्हणूनच परततो.

म्हणून मित्रांनो, शहरात गेलात तर महिन्यातून एक दिवस कलेसाठी राखून ठेवा. एका फेरीत सारे पाहण्याचा हट्ट धरू नका; दोन-तीनच चित्रे पाहा, पण मन लावून पाहा. समजले नाही तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. रात्री चार ओळी लिहून ठेवा, उर्दूत लिहा किंवा मराठीत.

शाळांनाही माझी एक विनंती आहे. आपली सहल दरवर्षी खेळ-करमणुकीच्या ठिकाणी जाते. एखाद्या वर्षी ती संग्रहालयात किंवा नाट्यगृहात न्यावी. सर्वच मुले पुढे मोठ्या शहरात शिकायला जाऊ शकणार नाहीत. ज्यांचे शिक्षण दहावीनंतर थांबणार आहे, त्यांनाही हे दार एकदा तरी आतून पाहायला मिळाले पाहिजे. तो त्यांचा हक्क आहे.