दोन इंचांची गादी

तळेगाव ढमढेऱ्याहून दूरच्या प्रवासाला निघालेले कुटुंब पुण्याला किंवा दौंडला गाडीत बसते आणि रात्री शयनयानातील गादीवर निश्चिंत झोपते. एके काळी दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला नुसत्या लाकडी फळीवर रात्र काढावी लागे. हा बदल घडविणारे रेल्वेमंत्री मूळचे शिक्षक होते : प्रा. मधु दंडवते.

अहमदनगर येथे १९२४ साली जन्मलेले दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत. १९७१ मध्ये ते राजापूरमधून लोकसभेवर गेले. त्या मतदारसंघाने त्यांना सलग पाच वेळा निवडून दिले. आणीबाणीत त्यांना आणि पत्नी प्रमिलाताईंना कारावास घडला. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री होताच त्यांनी १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कर्मचाऱ्यांना परत घेतले. दुसऱ्या वर्गाच्या फळ्यांवर दोन इंच जाडीची फोमची गादी आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई-हावडा मार्गावर गीतांजली एक्सप्रेस ही वर्गभेद नसलेली गाडी धावू लागली. पुढे १९८९ मध्ये ते अर्थमंत्री झाले.

चांगल्या शिक्षकाचे लक्ष शेवटच्या बाकाकडे असते. दंडवत्यांनी ती सवय मंत्रालयातही सोडली नाही. १२ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार देहही वैद्यकीय अभ्यासासाठी दिला गेला.

वाचकहो, राजकारण वाईट म्हणून आपण मुलांना त्यापासून दूर ठेवतो. मग सज्जन माणसे तेथे पोहोचणार कोठून? पुढच्या प्रवासात गादीवर हात ठेवून मुलांना ही हकीकत अवश्य सांगावी.