चित्ता, चित्रपट आणि राजकारण

मराठी माणूस परमुलखात स्थायिक झाला की आधी देव्हारा मांडतो आणि मग गप्पांचा अड्डा जमवितो, असे कोणी थट्टेने म्हटले तर आम्ही रागावणार नाही. ग्वाल्हेरात आमची घराणी येऊन दोन शतके उलटली. ज्या वस्तीला आपण आज लष्कर म्हणतो, ती मुळात दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी. १८१० च्या सुमारास तेथे तळ पडला, पुढे तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले आणि छावणीचे शहर झाले. परंतु बोलण्याची रीत मात्र छावणीतलीच राहिली. दिवसाचे काम आटोपले की चार माणसांनी एकत्र बसावे आणि ज्याला जे आठवेल ते त्याने सांगावे, त्यास विषयाचे बंधन नाही.

अलीकडे या गप्पांना तीन विषय विशेष प्रिय झाले आहेत. पहिला चित्रपट, दुसरा प्राण्यापक्ष्यांच्या नवलकथा आणि तिसरा राजकारण. हे तिन्ही विषय वेगवेगळे येत नाहीत, तर एकाच बैठकीत, पुष्कळदा एकाच वाक्यात येतात. कित्येक वडीलधाऱ्यांना हे आवडत नाही. "धड एक विषय नाही, सगळी खिचडी," असे ते म्हणतात. हा आक्षेप खरा आहे काय, याचा थोडा विचार या लेखात करावा असे आम्ही योजिले आहे. त्यासाठी आमच्याच घरात घडलेला एक प्रसंग सांगतो.

१७ सप्टेंबर २०२२ चा शनिवार. पितृपंधरवडा चालू होता आणि आमच्या घरी त्या दिवशी वडिलांचे पक्ष होते. त्याच सकाळी नामिबियाहून आठ चित्ते घेऊन एक खास विमान ग्वाल्हेरच्या विमानतळावर उतरले. विमानाच्या तोंडावर वाघाचा चेहरा रंगविलेला होता. तेथून हेलिकॉप्टरने चित्ते श्योपूर जिल्ह्यातील कूनो राष्ट्रीय उद्यानात गेले व पंतप्रधानांनी त्यांना तेथील कुंपणाच्या आवारात सोडले. आपल्या गावाच्या आकाशातून असे पाहुणे गेलेले. मग खीरवड्यांचे जेवण झाल्यावर सुपारी कातरता कातरता दुसरा कोणता विषय निघणार?

प्रथम मुलांनी २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी' या चित्रपटातील ते प्रसिद्ध वाक्य म्हटले, ज्यात चित्त्याची चाल आणि बाजीरावाची तलवार यांची जोड घातली आहे. मग आजोबांनी राणोजी शिंदे बाजीरावाच्याच हाताखाली कसे पुढे आले ते सांगितले. भाऊकाकांनी पंतप्रधानांची स्तुती आरंभिली. तोच सहावीत शिकणाऱ्या आमच्या भाचीने विचारले, "आजोबा, चित्ता डरकाळी कशी फोडतो?"

भाऊकाका म्हणाले, "अगं, सारे जंगल हादरते!" त्यावर नानामामा हसले आणि म्हणाले, "कसली डरकाळी? म्याव करते ते. मांजर आहे मांजर, आणि तुम्ही वाघ समजून आरत्या ओवाळता आहात!" हा टोला चित्त्याला नव्हता, तो कोणाला होता हे सर्वांना कळले. भाऊकाकांनीही तसेच उत्तर दिले. पंधरवडा पितरांच्या पक्षाचा होता, परंतु भांडण राजकीय पक्षांचे झाले. मामा विडा न घेताच उठले. त्या वर्षी दिवाळीत दोन्ही घरांतील फराळाचे डबे प्रथमच एकमेकांकडे गेले नाहीत.

आता दोष कोणाचा? विषयांची खिचडी केली म्हणून असे झाले काय? आमचे मत असे की, नाही. विषय आम्ही एकत्र केले नव्हते, ते मुळातच एकत्र होते.

चित्त्याचेच पाहा. त्याचे नाव संस्कृतातील 'चित्रक' या शब्दापासून आले आणि इंग्रजांनीही ते आपल्याकडूनच उचलले. राजेरजवाड्यांनी त्याला पकडून काळविटांच्या शिकारीसाठी शिकविले. कोल्हापूर दरबारच्या चित्त्यांची कीर्ती दूरवर होती. देशातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर तेथे आफ्रिकेतून चित्ते आणवीत असत. बंदिवासात चित्त्याची वीण त्या काळी क्वचितच होत असे. म्हणून दर वेळी नवे चित्ते रानातूनच धरून आणावे लागत. त्यात शिकार वाढली, गवताळ माळ नांगराखाली गेले, काळवीट कमी झाले. अखेर १९५२ साली हा प्राणी भारतातून नाहीसा झाल्याचे सरकारने जाहीर केले. यातला कोणता भाग निसर्गाचा, कोणता इतिहासाचा आणि कोणता राजकारणाचा, हे कोणी वेगळे करून दाखवावे!

कूनोच्या रानाची कथाही अशीच. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी आफ्रिकेतून सिंह आणवून आपल्या राज्याच्या रानात सोडविले होते. ते गुरांवर आणि माणसांवर उठले आणि तो प्रयोग फसला. पुढे गीरच्या सिंहांना दुसरे घर असावे म्हणून कूनो निवडले गेले. त्यासाठी रानातील चोवीस गावे उठविण्यात आली. त्यांत सहरिया आदिवासींची वस्ती मोठी होती. २०१३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिंह कूनोत न्यावेत असा आदेश दिला आणि त्याच निर्णयात आफ्रिकी चित्ते आणण्याचा बेत रद्द ठरविला. जानेवारी २०२० मध्ये त्याच न्यायालयाने प्रयोग म्हणून चित्ते आणण्यास अनुमती दिली. ज्या रानातून गावे सिंहांसाठी उठली, तेथे २०२२ साली चित्ते उतरले. हे सारे ज्याला ठाऊक आहे त्याने चित्त्याविषयी बोलताना राजकारणाचे नाव काढू नये, असे सांगणे म्हणजे पाण्याविषयी बोलताना नदीचे नाव घेऊ नको म्हणण्यासारखे आहे.

तेव्हा विषय एकत्र येणे हा दोष नव्हे. आम्हांस दिसणारा दोष निराळा आहे. आपण विषयांबरोबर त्यांची मापेही एकत्र करून टाकतो.

बाजारात दूध लिटरने मोजतात, कापड मीटरने आणि धान्य किलोने. एकाच पिशवीतून तिन्ही वस्तू घरी आणण्यास कोणाची हरकत नाही. परंतु दूध मीटरने मोजू लागलो तर दूधवाला हसेल आणि दूध सांडेल. गप्पांचेही तसेच आहे. चित्रपटाचे माप आवड हे आहे. एखादा नट मला आवडला, तुम्हांला आवडला नाही, येथे बोलणे संपते; त्याला पुरावा लागत नाही. निसर्गाचे माप निरीक्षण हे आहे. तेथे माझ्या आवडीला काडीची किंमत नाही. प्राणी जसा आहे तसाच राहणार. राजकारणाचे माप मात्र दुहेरी आहे. तेथे काय घडले हे पाहावे लागते आणि त्याचे फळ कोणाच्या पदरात पडले हेही पाहावे लागते, आणि या दोन्ही गोष्टींना वेळ द्यावा लागतो.

आमच्या घरच्या भांडणाला ही मापे लावून पाहा. चित्ता डरकाळी फोडीत नाही, हे मामांचे म्हणणे खरे. सिंह, वाघ आणि बिबट्या डरकाळी फोडतात. चित्त्याच्या कंठाची रचनाच वेगळी असल्यामुळे तो मांजरासारखा घुरघुरतो आणि कधी कधी पाखरासारखा चिवचिवतो. परंतु तेवढ्याने तो तुच्छ ठरतो काय? मार्जारकुळातला तर वाघही आहे. थोड्या अंतरापुरती ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास धाव घेणाऱ्या या प्राण्याला डरकाळीची उणीव कधी भासली नसावी. मामांनी सत्याचा अर्धा भाग सांगितला आणि उरलेला अर्धा आपल्या हेतूसाठी झाकून ठेवला. "नरो वा कुंजरो वा" म्हणणाऱ्या धर्मराजाचा रथही त्यामुळे जमिनीला टेकला होता, मग आपली काय कथा?

भाऊकाकांचे तरी काय? चित्ते आणले ते एकाच पुढाऱ्याने, असे ते म्हणत होते. वस्तुस्थिती अशी की, ही कल्पना २००९ साली एका पक्षाच्या राजवटीत पुढे आली आणि २०२२ साली दुसऱ्या पक्षाच्या राजवटीत अमलात आली. मध्ये शास्त्रज्ञ, वनखाते, न्यायालय, नामिबियाचे सरकार आणि उठलेल्या गावांतील माणसे होती. चित्रपटात एकच नायक असतो, कारण तीन तासांत गोष्ट संपवायची असते. देशाच्या कारभारात नायक शोधू लागलो की बाकीची सारी माणसे पडद्यामागे जातात आणि मग प्रश्न कोणाला विचारायचा हेच समजेनासे होते. हे चित्रपटाचे माप राजकारणाला लावल्याचे फळ. आवडत्या नटाचा चित्रपट पडला तर वाईट वाटून घेण्याने कोणाचे बिघडत नाही. आवडत्या पुढाऱ्याची चूक झाकली तर मात्र त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते.

पुढच्या वर्षी याचाच प्रत्यय आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून आणखी बारा चित्ते आले. मार्चमध्ये कूनोत एका मादीला चार पिले झाली आणि एकीकडे पेढे वाटल्यासारखा आनंद झाला. त्याच वर्षी काही मोठे चित्ते मेले आणि मे महिन्याच्या उन्हाळ्यात त्या चारांपैकी तीन पिलेही दगावली, तेव्हा दुसरीकडे 'सांगत नव्हतो?' असा सूर निघाला. मृत्यूच्या वार्तेत समाधान वाटावे इतके आपण कोणत्या पक्षाचे झालो आहोत? चित्त्यांची बहुसंख्य पिले आफ्रिकेच्या रानातही मोठी होण्यापूर्वीच मरतात. प्रयोग साधला की फसला हे एका जन्माने ठरत नाही आणि एका मृत्यूनेही ठरत नाही. ते ठरावयास वर्षे लागतात, आणि तोवर मोजदाद करीत राहणे एवढेच प्रामाणिक माणसाच्या हाती असते.

आणि ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिचे काय झाले? खरे नुकसान तेथे झाले होते. मोठ्या माणसांनी तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. तिच्या प्रश्नाचा दगड करून तो एकमेकांवर फेकला. असे दोनचारदा घडले की मुले प्रश्न विचारणे सोडून देतात आणि मग कोणत्या काकांची बाजू घ्यायची एवढेच शिकतात. सुदैवाने आमची भाची हट्टी निघाली. शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक आणून तिने चित्ता आणि बिबट्या यांतला भेद शोधला: चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके असतात, बिबट्याच्या अंगावर पाकळ्यांसारखी वर्तुळे, आणि चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रूंच्या ओघळासारखी काळी रेघ असते. ते चित्र काढून तिने दोन्ही घरांत भिंतीवर लावले.

मे महिन्यात पिले गेल्याची बातमी आली त्या दिवशी योगायोगाने मामा आमच्याकडे आले होते. लग्नाच्या आमंत्रणाचे निमित्त होते. भाऊकाकाही होते. दोघेही गप्प होते. एकाच्या मनात 'बघा' असे येत असावे आणि दुसऱ्याच्या मनात त्याचे उत्तर तयार होत असावे. इतक्यात भाची म्हणाली, "पण चौथे पिलू कसे आहे?" कोणालाच ठाऊक नव्हते. मामांनी वर्तमानपत्र उलटून पाहिले, काकांनी चष्मा पुसून मोबाईलवर शोधले, आणि दोघे मिळून त्या एका पिलाची वार्ता वाचू लागले. ते पिलू जगले. दिवाळीचे डबेही पुन्हा सुरू झाले.

विद्यार्थिमित्रहो, गप्पा सोडू नका. चित्रपटावरून चित्त्यावर, चित्त्यावरून राजधानीवर खुशाल उड्या मारा. परप्रांतात आपली भाषा जिवंत राहिली ती व्याकरणाच्या पुस्तकाइतकीच या ओट्यावरच्या गप्पांनी. फक्त विषय बदलला की माप बदलण्यास विसरू नका. आवडीच्या गोष्टीत मोकळे असा, निसर्गाच्या गोष्टीत स्वतः पाहिल्याशिवाय किंवा खात्रीचे वाचल्याशिवाय पैज लावू नका, आणि राजकारणाच्या गोष्टीत आपल्या बाजूची चूक प्रथम आपणच सांगा. ऐकीव गोष्ट पुढे सांगताना 'ध'चा 'मा' होऊ देऊ नका. मराठ्यांच्या इतिहासात त्या एका अक्षराची किंमत काय सांगतात, ते तुम्हांस ठाऊकच आहे.

आणि लहान भावंडाने मध्येच प्रश्न विचारला तर सारे वाद बाजूस ठेवून आधी त्याचे उत्तर द्या. उत्तर ठाऊक नसेल तर त्याच्याबरोबर बसून शोधा. बैठकीत बसलेल्यांपैकी खरोखर काही जाणून घ्यावयाचे असते ते बहुधा त्यालाच.